पन्नास पैशांची रेघ

माझे वडील गावच्या पैसेवारी समितीवर होते. केज तालुक्यातले आमचे गाव बालाघाटाच्या माथ्यावर. रान मुरमाड, विहिरींना पाणी फार तर दिवाळीपर्यंत. मी शाळेत होतो तेव्हाची, म्हणजे १९८०च्या दशकातली गोष्ट. कापणीच्या दिवसांत साहेब लोक यायचे, उभ्या पिकात दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखायचे. त्यातली बाजरी कापून, मळून तोलली जायची. टेपचे दुसरे टोक धरायला मी असायचो.

एका वर्षी निवडलेला तुकडा नेमका विहिरीच्या कडेचा निघाला. वडिलांनी हरकत घेतली, ती कागदावर आली नाही. गावाची अंतिम पैसेवारी बावन्न ठरली. पन्नासच्या आत असती तर सारा सुटला असता, सोसायटीची वसुली थांबली असती. वडील घरी येऊन ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "दोन पैशानं दुष्काळ हुकला, बघा." त्या हंगामात आमच्या भावकीतली तीन घरे पहिल्यांदा ऊसतोडीला गेली.

पुढे मी बारावीवर शाळा सोडली आणि अंबाजोगाईला एका दुकानात हिशेब लिहायला लागलो. संशोधक ही पदवी मला कुणी दिलेली नाही. वर्तमानपत्रांतल्या पैसेवारीच्या बातम्या कापून वहीत चिकटवायची सवय मात्र लागली, आणि त्या वहीने मला गॅझेटियर, महसूल खात्याचे निर्णय आणि शब्दकोश उशाशी घेऊन वाचलेले इंग्रजी अहवाल यांच्यापर्यंत नेले. २०२४च्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रात बातमी होती : हवामानबदल रोखण्याच्या प्रयत्नांत भारत जगात दहावा. कात्रण वहीत चिकटवताना मला बावन्न पैसे आठवले. हा तुकडा कुणी निवडला? टेप कुणी धरला? आणि शंभर पैसे म्हणजे किती, हे कुणी ठरवले? हा लेख त्या तीन प्रश्नांचा माग आहे.

आण्यांचा हिशेब

गावांना त्यांच्या पिकावरून गुण देण्याची रीत इंग्रजी महसुली कारभारातली. रुपयाचे आणे सोळा, म्हणून पूर्ण पिकाला सोळा आणे. त्या मानाने यंदाचे पीक किती आणे, ती आणेवारी. हिचा हेतू शेतकऱ्याची कणव हा नव्हता. सारा किती वसूल करता येईल आणि कुठे तहकूब करावा लागेल, हे ठरवण्याचे ते माप होते. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब करण्याचा नियम होता. म्हणजे सारा खेळ एका रेघेवर. रेघेच्या खाली गेलात तर सवलत, वर राहिलात तर जप्ती.

या रेघेवरून झालेले सर्वांत गाजलेले भांडण म्हणजे १९१८चा खेडा सत्याग्रह. आदल्या वर्षीच्या अतिवृष्टीने गुजरातेतल्या त्या जिल्ह्याचे पीक गेले होते. अधिकाऱ्यांचा आकडा चार आण्यांच्या वर, शेतकऱ्यांचा चार आण्यांच्या खाली. भारत सेवक समाजाची माणसे पाहणीला गेली. गांधीजी, वल्लभभाई आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले आणि त्यांनी पिकाचा स्वतंत्र अंदाज काढला. मागणी साधी होती : तुमचा आकडा आणि आमचा आकडा जुळत नाही, तर त्रयस्थ पंच नेमा. सरकारने ती मानली नाही. आम्ही मोजतो तेच खरे, हा सत्तेचा मुद्दा होता. शेवटी ज्यांना झेपेल त्यांनी भरावे, गरिबांची वसुली थांबवावी, अशी तडजोड झाली. गांधीजींना स्वतःला हा शेवट समाधानाचा वाटला नव्हता. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे करबंदीचे आंदोलन म्हणून वाचतो. मला ते मोजणीच्या हक्काचे आंदोलन वाटते.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथे मोजणी कशी चालली याहून मोजणीचा परिणाम काय झाला, तो जनगणनेत दिसतो. १८९१ साली जिल्ह्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या घरात होती. १८९९-१९००चा दुष्काळ, म्हणजे म्हातारी माणसे ज्याला छप्पन्न्या म्हणत तो, येऊन गेला आणि १९०१ साली ती पाच लाखांच्याही आत आली. कुणी मेले, कुणी परागंदा झाले.

रेघ सरकते, माणूस तिथेच

१९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९५७ साली नाणी दशमान झाली तेव्हा आण्यांचे पैसे झाले. सोळा आण्यांच्या जागी शंभर पैसे आले आणि टंचाईची रेघ पन्नास पैशांवर बसली. लोकांच्या तोंडी मात्र अजून आणेवारीच आहे. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम, हा क्रम आमच्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असतो.

कारण त्यावर बरेच अवलंबून असते. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीचे निकष सैल, गरज पडेल तिथे टँकर. यांतली शेवटची दोन कलमे १९७२च्या दुष्काळाची आठवण आहेत. त्या वर्षी बीडची हजारो माणसे खडी फोडायला रस्त्यावर होती, आणि त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला.

माप मात्र पुरेसे नाही, हे सरकारलाही कळत होते. पैसेवारी पीक हातचे गेल्यावर दुष्काळ सांगते. २०१६ साली तर सरकारी कागदावर 'दुष्काळ' म्हणायचे की 'टंचाईसदृश परिस्थिती', याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. पावसाची तूट, उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, धरणांतले पाणी अशा अनेक कसोट्या तिने घातल्या आणि शेवटी काही गावांत प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करायला सांगितली. शास्त्राच्या दृष्टीने हे पुढचे पाऊल होते यात शंका नाही.

तरी रेघ ती रेघच. या संहितेप्रमाणे २०१८च्या ऑक्टोबरअखेर राज्यातले १५१ तालुके दुष्काळी ठरले. २०२३ साली आकडा ४० तालुक्यांचा होता. आमच्या अकरा तालुक्यांपैकी त्यात तीनच बसले : वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई. अंबाजोगाईची शीव ओलांडून माझ्या गावी केज तालुक्यात गेलो, की तेच आभाळ, तीच वाळलेली सोयाबीन आणि यादीत नाव नाही. ओरड झाल्यावर पंधरवड्यात सरकारने उरलेल्या भागांतली १०२१ महसूल मंडळे दुष्काळसदृश म्हणून जाहीर केली. वडील असते तर म्हणाले असते, उपग्रहानेही विहिरीजवळचाच तुकडा धरला.

वर चढायची शर्यत

पैसेवारीत प्रत्येक गावाला खाली राहायचे असते. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात उलट्या दिशेची क्रमवारीही रुजली, गावाला वर चढायला लावणारी. २०००-०१ साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावे झाडली गेली, गुण मिळाले, बक्षिसे मिळाली, आणि स्पर्धा लावली की गाव हलते हे राज्याला कळले.

२०१६ साली पानी फाउंडेशनने तेच सूत्र पाण्याला लावले. पहिल्या वॉटर कपला तीनच तालुके होते : अमरावतीतला वरूड, साताऱ्यातला कोरेगाव आणि आमचा अंबाजोगाई. पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने घेतला. त्या उन्हाळ्यात मीही शेजारच्या एका गावी श्रमदानाला जात होतो. दिवसा ऊन सोसवत नसे म्हणून लोक बॅटऱ्या लावून रात्री चर खणत. एकमेकांच्या बांधाला पाय न लावणारे भाऊ एकाच चरात उभे राहिलेले मी पाहिले. २०१९पर्यंत ही स्पर्धा सत्तरहून अधिक तालुक्यांत पसरली.

पण इथेही मोजणीचा प्रश्न सुटला नव्हता. गुण होते ते ठरावीक दिवसांत झालेल्या कामाला, आणि स्पर्धेपुरते ते योग्यही होते. साठलेले पाणी पुढे कुणाच्या बोअरमध्ये गेले, त्यावर ऊस लागला की ज्वारी, याचा हिशेब पाचव्या-सहाव्या वर्षी करायचा असतो. तेव्हा परीक्षक नसतात.

२०२०च्या गांधी जयंतीला राज्याच्या पर्यावरण खात्याने 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. त्याच वर्षी खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द आले होते. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच शीर्षकांखाली शहरांना आणि ग्रामपंचायतींना गुण. पहिल्या वर्षी ६८६ स्थानिक संस्था होत्या, दुसऱ्या वर्षी त्या बारा हजारांच्या जवळ गेल्या. हवामानासाठी कोण किती झटतो, याची क्रमवारी अशी आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत पोचली. जगाच्या यादीकडे वळण्याआधी हे सांगायचे कारण, की तिथले सगळे पेच इथे आधीच दिसलेले आहेत.

त्याच वर्षी शेवटचा आणि आठवा

जगातली सर्वांत चर्चेतली यादी जर्मनवॉच ही जर्मन संस्था इतर दोन संस्थांच्या साथीने काढते. २००५पासून ती निघते. सध्या साठहून अधिक देश आणि युरोपीय संघ तिच्यात आहेत, आणि जगाच्या हरितगृह वायूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्यांचेच. शंभर गुणांपैकी ४० वायू उत्सर्जनाला, २० अक्षय ऊर्जेला, २० ऊर्जेच्या वापराला आणि २० धोरणाला. धोरणाचे गुण त्या त्या देशातल्या जाणकारांना विचारून दिले जातात. २०१९च्या डिसेंबरात भारत पहिल्यांदा पहिल्या दहांत आला, नववा. २०२४च्या नोव्हेंबरात, बाकूची हवामान परिषद चालू असताना, दहावा. चीन ५५वा, अमेरिका ५७वी.

दुसरी यादी अमेरिकेतल्या येल आणि कोलंबिया विद्यापीठांची, दर दोन वर्षांनी निघणारी. तिच्यात हवा, पाणी, जैवविविधता असे बरेच काही असते, पण हवामानाचा वाटा मोठा. २०२२च्या जूनमध्ये ती जाहीर झाली तेव्हा १८० देशांत भारत १८०वा होता. पर्यावरण मंत्रालयाने दोनच दिवसांत ती फेटाळली. २०५०चे उत्सर्जन गेल्या दहा वर्षांच्या चढावरून काढले, अक्षय ऊर्जा धरली नाही, दरडोई उत्सर्जनाचे वजन घटवले, हे त्यांचे आक्षेप. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मन यादी आली, तिच्यात भारत आठवा.

एक देश, एक वर्ष, एकीकडे शेवटचा आणि दुसरीकडे आठवा. दोन्ही ठिकाणी लबाडी झाली असे मी मानत नाही. दोघांनी तुकडा वेगळा निवडला. माणशी किती धूर, असे विचारले तर भारत सज्जन दिसतो, कारण जर्मन यादीनेच दिलेले भारताचे दरडोई उत्सर्जन २.९ टन, जगाची सरासरी ६.६ टन. धूर कोणत्या वेगाने वाढतो आहे, असे विचारले तर तोच देश शेवटच्या बाकावर जातो. आक्षेप घेण्यात आपले मंत्रालय चुकले नाही. पण खेड्याचा दाखला घेऊन मला एवढेच म्हणायचे आहे, की मोजणी खाली ढकलते तेव्हाच आपण पंच मागतो, वर चढवते तेव्हा जाहिरात करतो.

दहाव्या क्रमांकात बीड कुठे आहे?

२०२४च्या नोव्हेंबरातल्या अहवालात भारताला कोणत्या विषयात किती गुण, ते नीट पाहण्यासारखे आहे. उत्सर्जन आणि ऊर्जेचा वापर यांत 'उच्च', धोरणात 'मध्यम' आणि अक्षय ऊर्जेत 'कमी'. म्हणजे आपला दहावा क्रमांक मुख्यतः कमी जाळण्यावर आणि कमी वापरण्यावर उभा होता. आता हे कमी कोण वापरते?

दसऱ्यानंतर आमच्या जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून नाव 'एक कोयता'. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोड करायची. फडाच्या कडेला कोपी, तिच्यात पंखा नाही, नळ नाही, चुलीला वाळलेले पाचट. आमची ही जोडी वर्षभरात जगाच्या हवेत किती धूर सोडत असेल? भारताची दरडोई सरासरी खाली ओढणारी माणसे ती हीच. शहरातल्या वातानुकूलित घराचा धूर याच जोडीच्या नावाने भागला जातो आणि भागाकार सुंदर येतो. तिच्या नसण्याला यादीत प्रयत्नाचे गुण मिळतात. उपवास आणि उपासमार यांत फरक करणारा रकाना कोणत्याच यादीत नाही.

दुसरे टोक परळीला आहे. वैजनाथाच्या या गावात १९७१पासून कोळशावर वीज तयार होते. वीज राज्यभर जाते, राख इथे राहते. २०१२-१३च्या दुष्काळात, २०१३च्या फेब्रुवारीत, पाण्याअभावी हे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. तापमान वाढवणाऱ्यांत जमा होणारी चिमणी पाणी नाही म्हणून थंड पडली. दोषी आणि पीडित एकाच तालुक्यात असल्यावर त्या तालुक्याला गुण कसे द्यायचे?

तिसरी गोष्ट पवनचक्क्यांची. बालाघाटाच्या माथ्यावर त्या फिरताना दिसतात आणि देशाच्या अक्षय ऊर्जेच्या रकान्यात त्यांचे मेगावॅट मोजले जातात. २०२४च्या डिसेंबरात अशाच एका प्रकल्पाशी जोडलेल्या खंडणीच्या आरोपांतून आणि एका सरपंचाच्या खुनातून जिल्हा हादरला. मेगावॅट मोजणाऱ्या रकान्यात याची नोंद होणार नाही, ते त्याचे कामही नाही. पण ज्या जमिनीवर जगाची स्वच्छ वीज उभी राहते, तिथे जमीनमालक, मजूर आणि ग्रामपंचायत कोणत्या भीतीत राहतात, हे विचारणारा रकाना असायला हवा.

रिकाम्या तीन खुर्च्या

मग या याद्या फेकून द्याव्यात का? माझी वही मला तसे करू देत नाही. पैसेवारी कितीही वाकडी असली तरी तिच्यामुळे तहसीलवर मोर्चा नेता आला. आकडाच नसता तर भांडायचे कशावरून? खेड्याच्या शेतकऱ्यांनी चार आण्यांचा नियम झिडकारला नव्हता, त्यांनी तोच नियम हातात घेऊन स्वतः मोजले होते.

एक फरक मात्र मोठा आहे. गाव पन्नास पैशांच्या खाली गेले तर त्याला काही मिळते, फी माफ होते, टँकर येतो. हवामानाच्या यादीत वर असलेल्या किंवा उन्हापावसाने मोडलेल्या देशाला आपोआप काहीच मिळत नाही. नुकसानभरपाईचा जागतिक निधी २०२२ साली शर्म अल-शेखला मान्य झाला. बाकूला २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा ठरला, तो तुटपुंजा आहे म्हणून भारताने तिथेच हरकत घेतली. पुढची परिषद २०२५च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेमला झाली. त्या निधीची वाटणी ठरेल तेव्हाही कुठेतरी एक रेघ ओढली जाईल आणि कुणीतरी दोन पैशांनी हुकेल.

२०२५ साली सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाडा बुडाला. ज्या रानात मी टेप धरायचो तिथे सोयाबीन पाण्यात कुजली. माती वाहून गेली ती वेगळीच. ती मोजायला दहा बाय दहाचा चौकोन पुरत नाही.

जर्मन यादीतली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. तिच्यात पहिले, दुसरे आणि तिसरे स्थान रिकामे ठेवतात. पुरेसे काम एकाही देशाचे नाही, म्हणून यादी चौथ्यापासून सुरू होते. २०२४ साली तिथे डेन्मार्क होता. म्हणजे आपला दहावा क्रमांक खरे तर सातवा, असे कुणी आनंदाने म्हणेल. मी ते उलटे वाचतो. शंभर पैशांचे पीक अजून कुणाच्याच रानात आलेले नाही, हे मोजणाऱ्याने कबूल केले आहे. आमच्या तालुक्याच्या कागदावर अशी कबुली मी कधी पाहिली नाही.

वहीत २०२४च्या नोव्हेंबरच्या कात्रणाशेजारी मी वडिलांच्या वेळची पैसेवारीची यादी लावली आहे. आमच्या गावासमोर बावन्न लिहिलेले आहे. त्याच्या पुढे पेन्सिलीने वडिलांनी त्यांचा स्वतःचा आकडा लिहिला होता, विहिरीपासून लांबच्या चार रानांचा, त्यांनी घरच्या तराजूवर तोललेला. तो अडतीस आहे.